डिस्कमधला म्हैसासुर

लक्षूमामाने आयुष्यात कुणालाही माफ केलं नाही, आणि हे तो स्वतःच मोठ्या समाधानाने सांगायचा. विसरणं हा आळस आहे असं त्याचं मत होतं. लोक सकाळी आंघोळ झाली की देवापुढे उभे राहून काहीतरी पुटपुटतात, मामाही पुटपुटायचा. लहानपणी मला वाटायचं स्तोत्र म्हणतोय. पुढे एकदा जवळ जाऊन ऐकलं तर ती नावं होती. कुणी, कधी, कुठे, काय बोललं. मी विचारलं, मामा, हे एवढं पाठ कसं राहतं? तर म्हणाला, "रोज म्हटलं की राहतं."

त्या यादीत मीही होतो. सातवीत असताना मी त्याचा फ्लॅश फोडला होता. माझा नंबर मधेच कुठेतरी असावा, कारण तो माझ्यापर्यंत येईतो मामीचा चहा उकळून झालेला असायचा.

मोखाड्याच्या बाजारात त्याचा फोटो स्टुडिओ होता. पुढे काउंटर, मधे निळा पडदा, पडद्यामागे एक खोली आणि तिच्यामागे मामीचं स्वयंपाकघर. मामाचा राग कधी तोंडावाटे बाहेर पडत नसे, तो कॅमेऱ्यातून पडायचा. ज्याने अपमान केला तो माणूस फोटो काढायला आला की मामा त्याला जास्तच आदराने बसवायचा. "साहेब, जरा डावीकडे. मान खाली. आता हसू नका." आणि आठ दिवसांनी ओळखपत्रावर साहेब कोंबडी चोरताना सापडल्यासारखे दिसायचे. लग्नाच्या ग्रुप फोटोत मामा नको असलेल्या माणसाचा बरोबर एक कान कापायचा. अख्खं डोकं कापलं तर तक्रार करता येते. कानाची तक्रार घेऊन कोण येणार? आमच्या भागात अल्बम हातात आला की लोक आधी नवरा-नवरी बघत नसत, स्वतःचे दोन्ही कान बघत.

एका हेडमास्तरांनी शाळेच्या कार्यक्रमात त्याला सगळ्यांसमोर "ए फोटोवाला, आटप लवकर" म्हटलं होतं. मामाने आठ वर्षं वाट पाहिली. हेडमास्तर निवृत्त झाले, चाळीस माणसांचा निरोपाचा फोटो निघाला. एकोणचाळीस माणसं स्वच्छ, मधे फक्त एक भलामोठा झेंडूचा हार आणि त्यावर चष्म्याची एक काच. विचारलं की मामा दोन शब्दांत उत्तर द्यायचा: हार मोठा होता.

स्टुडिओच्या भिंतीवर, बरोबर गिऱ्हाइकाच्या समोर, म्हैसासुराचा मुखवटा टांगलेला असे. पासपोर्ट फोटोला आणलेली लहान मुलं तो बघून भोकाड पसरायची. पण मामाने तो कधी हलवला नाही, कारण तो आमच्या आजाचा, म्हणजे मामाच्या वडलांचा होता, आणि त्यांच्या आधी त्यांच्या वडलांचा.

आमच्या गावाचा बोहाडा जुना आहे. गाव खोडाळ्याच्या अलीकडे, डोंगराच्या कुशीत. उन्हाळ्यात आठवडाभर देवांची आणि राक्षसांची सोंगं निघतात, संबळ वाजतो, आणि प्रत्येक सोंगाचा मान एकेका घराकडे असतो. गणपती या घरचा, भीम त्या घरचा. म्हैसासुर आमच्या मामाच्या घरचा. तो शेवटच्या दिवशी उजाडताना निघतो, उन्हं अंगावर येईपर्यंत देवीशी नाचत लढतो, तीनदा पडतो आणि तिसऱ्यांदा उठत नाही. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराकडे जो मान होता तो सगळ्या गावासमोर मार खाऊन मरण्याचा होता. पण मान म्हणजे मान. ज्या घराचा असेल त्यानेच नाचवायचा. काही अडचण असली तर आदल्या दिवशी पंचांना सांगून दुसरा उभा करायचा. न सांगता एका वर्षी जरी परक्याने नाचवला तरी मान त्या परक्याच्या घरी जातो. हा नियम कुठे लिहिलेला नाही, म्हणून तो मोडताही येत नाही.

होळी झाल्यावर बोहाड्याची बैठक बसली आणि त्यात काशिनाथ उठला. हा गावात मामाच्या शेजारच्या घरातला, त्याच्याच वयाचा. बसमध्ये कंडक्टर होता, आता निवृत्त होऊन पंचांच्या मागे मागे फिरायचा. त्याच्या मुलीच्या लग्नात मामाने त्याचा उजवा कान कापला होता. का, तर त्याने भर स्टँडवर म्हटलं होतं की लक्ष्याच्या फोटोत जिता माणूसही मेल्यासारखा दिसतो. तर तो उठला आणि म्हणाला की म्हैसासुराचा मान लक्ष्याच्या घराचा उरलेला नाही. लक्ष्याचा बाप मेला त्याच्या आदल्या बोहाड्याला सोंग त्याने नाचवलंच नव्हतं. "माझ्या बानं नाचवला, भागानं. पंचांना न सांगता. आयनं मरताना सांगितला मना."

मामा तिथेच होता. ओरडला नाही. म्हणाला, त्या वर्षी शूटिंग मी केलंय, कॅमेऱ्यामागे मी होतो, माझ्या घरी आहे. पंचांनी सांगितलं, मग आखातीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आत आणून दाखव. नाही दाखवलंस तर मुखवटा काशिनाथच्या घरी जाईल.

दुसऱ्या दिवशी मामाचा मला जव्हारला फोन आला. इथे माझी ओळख करून देणं भाग आहे. मी जव्हारच्या एका कॉलेजात ऑफिसात बसतो. फार वर्षांपूर्वी तीन महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला, त्याचं सर्टिफिकेट आईने फ्रेम करून लावलं, आणि त्या दिवसापासून सगळ्या नातेवाइकांत मी तज्ज्ञ ठरलो. कुणाचा मोबाइल पाण्यात पडो, टीव्ही दिसेनासा होवो, मला फोन. मीही कधी "मला येत नाही" म्हटलं नाही. त्याचं फळ पुढे मिळालं.

मामाच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटींना बुरशी लागायला लागली तेव्हा त्या सगळ्या कॉम्प्युटरवर उतरवून एका पेटीत ठेवायचा सल्ला माझाच होता. नॅस म्हणतात त्या पेटीला. चार हार्डडिस्क असलेली, घरच्या वायफायला जोडलेली, डब्याएवढी. मी मोठ्या रुबाबात समजावलं होतं की ही पेटी माहिती चार डिस्कांवर अशी वाटून ठेवते की एक मेली तरी उरलेल्या तिघी मिळून तिचं भरून काढतात. मामाला हे फार आवडलं होतं. असे भाऊ असते तर, म्हणाला. कॅसेटी उतरवून झाल्या आणि बुरशीसकट टाकून दिल्या. एक एक कॅसेट जेवढ्या वेळाची, तेवढाच वेळ उतरायला लागायची, आणि तोवर मामा पुढे काउंटरवर. त्यामुळे त्याने त्या पुन्हा अशा कधी पाहिल्या नव्हत्याच.

आता पेटीतला बोहाडा उघडेना. अडकायचा, फिरत राहायचा. मी विचारलं, पेटी वाजत होती का? मामी मागून म्हणाली, कवाची वाजतेय.

गेल्या उन्हाळ्यापासून वाजत होती. पण आमच्याकडे लाइट गेली की घरातलं सगळंच वाजतं. इन्व्हर्टर वाजतो, कॉम्प्युटरखालचा बॅटरीचा ठोकळा वाजतो, शेजाऱ्याचाही वाजतो. लाइट रोज जाते. त्यामुळे एखादी वस्तू ओरडत असेल तर ती लाइटच्या नावाने ओरडतेय असं धरून चालायची सगळ्यांना सवय. मामीची दुपारची झोप मोडायची म्हणून तिने पेटीवर गोधडी घातली. दिवे लुकलुकत डोळ्यांत जायचे म्हणून त्यांच्यावर टिकल्या चिकटवल्या. चांगल्या मोठ्या, मरून. एक डिस्क मेल्याचं पेटी वर्षभर सांगत होती आणि आम्ही तिला पांघरूण घालून कुंकू लावून बसवली होती.

मी माझ्या मोबाइलवरून पेटीत डोकावलो. दोन नंबरची डिस्क मेलेली दिसत होती. मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, मामा, डावीकडून दुसरी बाहेर काढ, हलवून परत बसव. टिकल्यांमुळे लाल दिवा काही त्याला दिसत नव्हता. त्याने काढली. पेटी एकदा लांब ओरडली आणि गप्प झाली.

मामाने तिसरी काढली होती. चांगली होती ती.

यात त्याची चूक म्हणावी तर चाळीस वर्षांच्या सवयीची. फोटोग्राफर "डावीकडे" म्हणतो तेव्हा ते समोर बसलेल्या माणसाचं डावं असतं. स्वतःचं डावं मामा कधी वापरतच नसे. जेवतानासुद्धा तो मामीला "तुझ्या डाव्या हाताचं मीठ" असंच म्हणायचा. पेटी त्याच्याकडे तोंड करून बसलेली. त्याने पेटीचं डावं धरलं. आणि हे मला कळायला हवं होतं, कारण त्याच्यासमोर मी जन्मभर बसलोय.

डिस्क परत आत ढकलल्यावर स्क्रीनवर एक प्रश्न आला: नव्याने तयारी करायची का? खाली हिरवं बटण. मी म्हटलं, हो म्हण. मामा म्हणाला, नाही. मी म्हटलं, अरे, ती स्वतःच विचारतेय. तो म्हणाला, "एवढ्या गोडीनं विचारतोय म्हणजे कपट हाये." आणि त्याने सरळ प्लग उपटला.

पुढे नाशिकला डिस्क दुरुस्त करणाऱ्या बाईंकडे गेलो तेव्हा त्यांनी पहिलं हेच विचारलं, "हिरवं बटण दाबलंत का?" नाही म्हटल्यावर त्यांनी मामाकडे आदराने पाहिलं. ते दाबलं असतं तर पेटीने सगळं पुसून कोरी पाटी करून दिली असती. जगावर संशय घेण्याचा मामाला आयुष्यात झालेला हा पहिला उघड फायदा. माझ्याकडे बाईंनी पाहिलं नाही. घरचा तज्ज्ञ कोण, हे त्यांनी विचारलं होतं आणि मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो.

बाईंनी चारही डिस्क तपासल्या. दुसरी पूर्ण मेली होती, फिरतच नव्हती. पहिली आणि तिसरी ठणठणीत. चौथी गोधडीखाली भाजून निघालेली. फिरायची, पण मधेच टक टक करून थांबायची. ती वाचली तरच सगळं वाचणार होतं. त्या म्हणाल्या, मूळ डिस्कांना हात लावायचा नाही, प्रत्येकीची आधी नव्या डिस्कवर हुबेहूब प्रत काढायची, आणि मग तीन प्रती एकत्र जोडून बघायच्या. ठेवून जा, मी करते.

मामा स्टुलावरून उठला नाही. "बाप हाये माझा त्यात," म्हणाला. "बाप कुणाकडे ठेवून जाऊ?"

दुपारी बाई जेवायला गेल्या, परत आल्या, हा तिथेच. शेवटी त्यांनी एका पेनड्राइव्हवर प्रोग्रॅम दिला, वहीच्या पानावर एकेक पायरी लिहून दिली, आणि म्हणाल्या, काका, चौथीला घाई करू नका. ती तापली की थांबा. सोपं असेल ते आधी वाचून घ्या, अडेल तिथे डोकं आपटू नका, पुढे जा, नंतर परत या.

मग मामाचा तो महिना सुरू झाला. मी रविवारी रविवारी जायचो. स्टुडिओ अर्ध्या शटरवर. मागच्या खोलीत टेबलावर तांब्याची परात उपडी घातलेली आणि तिच्यावर चौथी डिस्क, धातूची बाजू खाली, सर्किट वर. परात उष्णता ओढून घेते हे मामाचं डोकं. समोर टेबलफॅन. मामा शेजारी खुर्चीत, हात डिस्कवर ठेवून, जसा तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात. चटका बसला की थांबवायचा, तासभर बिडी ओढायचा, परत सुरू. लाइट गेली तरी प्रोग्रॅम कुठवर वाचून झालं त्याची नोंद ठेवायचा आणि तिथूनच पुढे लागायचा. मामाला तो प्रोग्रॅम जवळच्या नात्यातला वाटायला लागला. म्हणायचा, हा विसरत नाय काही. जिथं अडला ते ध्यानात ठेवतो, पुढं जातो, आन्‌ फिरून येऊन त्याचा हिशेब करतो.

आणि तो त्या खुर्चीत बसून नुसता वाट बघत नव्हता. तो काशिनाथची तयारी करत होता. देवळासमोर पांढरी चादर बांधायची, सगळं गाव बसवायचं, काशिनाथला पहिल्या रांगेत. मग चालू करायचं. भाषण पाठ होतं, मला दर रविवारी ऐकावं लागे. दर रविवारी ते थोडं लांबलेलं असे. शेवट मात्र तोच. "मग मी त्याला एक मिनिट देणार. माफी मागायला. मागंल तो. माफ नाय करणार मी, फक्त मिनिट देणार."

मामी म्हणायची, इतकं मन लावून तुझा मामा कवा माझ्यापाशी बसला नाय.

तिसऱ्या आठवड्यात प्रती जोडल्या आणि फाइलींची नावं दिसायला लागली. सगळ्या नव्हत्या. काही उघडायच्या, काहींत हिरवे चौकोन नाचायचे. एका लग्नात मामीची आई निघाली, जात्याजवळ बसून कॅमेऱ्याला हात करून "जाय, जाय" म्हणताना. तिचा दुसरा फोटोच नव्हता घरात. मामी पदर तोंडाला लावून उभी राहिली. मामा म्हणाला, ते ठेव बाजूला, मला म्हैसासुर पायजे. मामी त्याच्याकडे बघून आत गेली, आणि मला वाटतं त्या दिवशी तिनेही एक यादी सुरू केली असावी.

पुढच्या रविवारी म्हैसासुर सापडला.

दुपारची वेळ होती, लाइट होती. मामाने मामीला बोलावलं, मला खुर्ची दिली, स्वतः उभा राहिला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर पहाटेचा निळसर उजेड, धूळ, देवीचं सोंग हातात तलवार घेऊन मागे पुढे होणारं. आणि मग मुखवटा आला. मधेच चौकोन होऊन फुटायचा, परत जुळायचा. मामाच्या ओठांवर संबळाचा ठेका. सोंग गरगर फिरलं आणि पहिल्यांदा पडलं.

मामाचे ओठ थांबले.

त्याने ते मागे घेतलं, परत लावलं. परत मागे. आमच्या आजाचा उजवा गुडघा वाकत नसे. तरुणपणी सादड्याच्या झाडावरून पडला होता. म्हैसासुर पडताना तो उजवा पाय काठीसारखा पुढे फेकायचा आणि डाव्यावर बसायचा. गावाला वाटायचं तशीच चाल आहे. मामाचा पाय धडधाकट, तरी बापाचं बघून शिकल्यामुळे तोही तसाच पडायचा. पडद्यावरच्या म्हैसासुराने दोन्ही गुडघे व्यवस्थित मुडपले होते.

मी उगीच म्हटलं की हिरव्या चौकोनामुळे तसं दिसत असेल. मामाने ते पुढे जाऊ दिलं. म्हैसासुर तिसऱ्यांदा पडला, मेला, लोकांनी आरोळी दिली. मग चित्र कलंडलं. मामाने तेव्हा पाणी प्यायला जाताना कॅमेरा बंद न करताच देवळामागच्या ओट्यावर ठेवला होता. तिरपी भिंत, एक घागर, आणि थोड्या वेळाने घोंगडी पांघरून कुडकुडत तिथे येऊन बसलेला आजा. आजा! एवढ्या जवळून, तापाने डोळे लाल झालेला. मुखवटा वाकत त्याच्यासमोर आला, दोन हातांनी वर झाला, आणि आतून काशिनाथचा बाप निघाला, भागा, घामाने निथळलेला.

आवाज स्वच्छ होता.

"मान तुझाच, दादा. ताप पहाटं भरला त्याला तू काय करशील? कुणाला कळायचा नाय. माझ्या पोरांना पन नाय सांगायचा मी."

आजा कुडकुडत म्हणाला, "पाय वाकवलास तू. माझा वाकत नाय. कुणी बघितला असंल तर?"

"कोण बघतोय?"

"लक्षू व्हता."

भागा हसला. "लक्षू नाय बघत. तो यंत्रात बघतो."

मग कुणाचे तरी पाय आले, कॅमेरा उचलला गेला. ते पाय मामाचेच होते.

 मामीने पंखा मामाकडे वळवला. शेवटी मीच बोललो, कारण अशा वेळी गप्प बसायचं मला शिकवलेलं नाही. म्हटलं, मामा, आपण नुसता नाच दाखवू. मागचं कापून टाक. गुडघा कोण बघतोय? तुझ्या हातात आहे.

मामाने माझ्याकडे पाहिलं. "तुझा नंबर वर घेतला मी आता," म्हणाला. मग खुर्चीत बसला आणि हळूहळू मला समजावलं, एखाद्या मंद पोराला समजवावं तसं. कापून दाखवलं तर काशिनाथ खोटा पडेल. खोटा पडलेला माणूस चार दिवस तोंड लपवतो आणि पाचव्या दिवशी विसरतो. पण सगळं दाखवलं तर तो खरा ठरेल, आणि त्याच वेळी त्याच्या बापाचा शब्द त्याने कसा बाजारात नेऊन विकला ते त्याच्या बापाच्याच तोंडून सगळं गाव ऐकेल. "बापाचा आवाज ऐकवतो त्याला," मामा म्हणाला. "याच्याहून मोठी शिक्षा मला सुचत नाय. सुचली असती तर केली असती."

चादर बांधली नाही. भाषणही केलं नाही. आखातीच्या आधी पंच देवळात बसले त्या सकाळी लॅपटॉप ओट्यावर ठेवला आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं लावलं. काशिनाथ सुरुवातीला मान ताठ करून होता. गुडघे मुडपताना दिसले तेव्हा त्याने पंचांकडे वळून पाहिलंसुद्धा. मग भागाचा चेहरा आला. काशिनाथचा बाप जाऊन पंधरा वर्षं झाली होती. "माझ्या पोरांना पन नाय सांगायचा मी" हे ऐकल्यावर काशिनाथने जे खाली बघितलं ते वर बघेचना. त्याचे दोन्ही कान लाल झालेले मला दिसत होते.

पंच म्हणाले, नियम तो नियम, मुखवटा काशिनाथच्या घरी. काशिनाथ म्हणाला, मला नको.  म्हणाला, बाच्या शब्दावर बसून मी नाय घ्यायचा, लक्ष्याकडंच राहू द्या. पंचांतल्या दोघा-तिघांनी माना डोलावल्या. भांडण तिथे सुटलं असतं. मी तर चपला घालायला उठलो होतो.

मामाने येतानाच मुखवटा टॉवेलात बांधून आणला होता. तो उचलून त्याने काशिनाथच्या मांडीवर ठेवला.

"मागितलास ना चार माणसांत? घे आता."

काशिनाथने परत करायला हात पुढे केले तर मामाने आपले हात पाठीमागे बांधले. मुखवटा एकदा घरी आला की नाचवावा लागतो. नाही नाचवला तर ते साल गावाला जड जातं असं सगळेच मानतात, काशिनाथही. सदुसष्टाव्या वर्षी त्याला म्हैसासुर होणं भाग होतं, आणि त्याला त्यातलं एक पाऊल येत नव्हतं. येणारा तालुक्यात एकच माणूस होता.

घरी आल्यावर मामी भिंतीवरच्या मोकळ्या खिळ्याकडे बघत राहिली. मामाने जेवण मागितलं आणि दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

त्यानंतर मी मामाला एकदाच पाहिलं. बोहाड्याला मला परीक्षेच्या ड्युटीमुळे जाता आलं नाही, आणि त्याच पावसाळ्यात तो झोपेतच गेला. जव्हारहून मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. पण बोहाड्याच्या आठवडाभर आधी सुट्टीचा एक दिवस साधून मी गावी गेलो होतो. मामा महिनाभर गावच्या घरीच मुक्कामाला होता. सकाळची उन्हं नुकतीच अंगणात उतरलेली. मामा खुर्चीत, मांडीवर स्टीलचं ताट उपडं, त्याच्यावर बोटांनी संबळाचा ठेका. हातात कोऱ्या चहाचा पेला. समोर अंगणात म्हैसासुर. मुखवट्याखाली धाप लागलेली ऐकू येत होती, धोतर धुळीने लाल झालं होतं.

मामी ओट्यावर तांदूळ निवडत होती. ती मला हळूच म्हणाली, आज अकरावा दिस, रोज येतो बिचारा.

म्हैसासुर फिरला आणि पडला. मामाने ताट थांबवलं.

"उजवा पाय ताठ."

मुखवट्याआतून काशिनाथ म्हणाला, "माझ्या बाचा वाकायचा. तू बघितलास."

"तुझ्या बाचा वाकायचा. म्हैसासुराचा नाय वाकत."

पुन्हा ठेका. पुन्हा तो फिरला, या वेळी उजवा पाय पुढे फेकला, काठीसारखा, आणि डाव्यावर बसला. क्षणभर तो आमचा आजाच होता. मामाचा हात ताटावर तसाच राहिला. पेला त्याने खाली ठेवला, डोळे बारीक करून, कॅमेऱ्याशिवाय, नुसत्या डोळ्यांनी बघत राहिला.

काशिनाथ तसाच पडून होता. त्याने मुखवटा थोडा वर सारला आणि मामीकडे बघून पाणी मागितलं. मामी उठायला लागली तशी मामाने तिला हाताने बसवलं.

माझ्या बसची वेळ झाली होती. मी फाटकाशी पोचलो, आणि मागे ताट पुन्हा वाजायला लागलं.

"बरा मेलास," मामाचा आवाज आला. "पन घाईनं. परत मर."